नल्लकुंट्याच्या मिस्त्रीबाई

कुठलीही बिघडलेली वस्तू समोर आली की मिस्त्रीबाई आधी तिच्याजवळ कान नेत. मिक्सर असो, कूलर असो, नाहीतर फ्रिज. हात लावायची घाई नाही. डोळे मिटायचे, मान किंचित तिरपी करायची आणि ऐकत राहायचं. अशा वेळी खोलीत कुणी बोललं तर त्यांचं एक बोट नुसतं वर व्हायचं आणि आम्ही बायका शाळेतल्या मुलींसारख्या गप्प बसायचो. मग एक "हूं" यायचा. त्या हुंकाराच्या चढउतारावरून आम्हाला कळायचं, दुखणं घरच्या घरी बरं होणारं आहे की दुकान गाठावं लागणार.

त्यांचं खरं नाव प्रमिला. आमच्या इमारतीचा वॉचमन यादय्या त्यांना "मेकॅनिक अम्मा" म्हणायचा, रस्त्यापलीकडचे शिंपी "मिस्त्री आपा" म्हणायचे. आम्ही मराठी बायकांनी त्याचं मिस्त्रीबाई केलं आणि तेच राहिलं. एखाद्या नव्या माणसानं "प्रमिलाताई" अशी हाक मारली तर त्या मागे वळून बघत, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत की काय म्हणून.

आमची ओळख मिक्सरमुळे झाली. यांच्या निवृत्तीनंतर आम्ही गौलीगुड्याचं भाड्याचं घर सोडून नल्लकुंट्याला, या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. सामान अजून खोक्यांतच होतं आणि वास्तुशांतीच्या सकाळीच मिक्सर बंद पडला. पाहुणे यायची वेळ झालेली, भांड्यात चटणी अर्धवट वाटलेली आणि मी रडकुंडीला आलेली. यादय्या म्हणाला, "पैले मंजिल पे मेकॅनिक अम्मा हैं ना." मला वाटलं, कुणा मेकॅनिकची आई राहत असेल, तो घरी असला तर बरं. दार उघडलं ते पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या, पदर कमरेला खोचलेल्या एका उंच बाईंनी.

"मिक्सरची मोटर जळली हो," मी म्हणाले.

"जळली हे कुणी सांगितलं तुला?" पहिल्याच भेटीत अगंतुगं. "काय बिघडलंय ते नक्को सांगू. काय दिसतंय, काय ऐकू येतंय, तेवढं सांग."

"चालू होता, एकदम बंद पडला."

"जळका वास आला?"

"नाही."

"खोबरं किती घातलंस भांड्यात?"

मी ओंजळ करून दाखवली. त्या हसल्या आणि माझ्याबरोबर वर आल्या. भांडं काढून त्यांनी मिक्सर उलटा केला, बुडाशी असलेलं एक लाल बटण अंगठ्यानं दाबलं, सरळ करून चालू केला. तो सुरू झाला. "ओझं जास्त झालं की हे बटण वर येतं आणि मोटरचा जीव वाचवतं. थोडं थोडं वाट." जाता जाता बोटानं चटणी चाखून म्हणाल्या, "तिखट कमी आहे. हैदराबादेत राहतेस ना?"

काय बिघडलंय ते नको, काय दिसतंय ते सांग, हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून सतत ऐकलं. ते त्यांना टेलिफोन एक्स्चेंजनं शिकवलं होतं. तरुणपणी त्या ट्रंक कॉल जोडून द्यायच्या, नंतरची बरीच वर्षं तक्रारी घेण्याच्या टेबलावर काढली. "लोक फोन करून सांगायचे, लाइन डेड आहे," त्या सांगत. "मी विचारायची, बाबा, रिसीव्हर उचलल्यावर काय ऐकू येतं? खरखर? की काहीच नाही? की तिसऱ्याच कुणाचं बोलणं? प्रत्येकाचं दुखणं वेगळं. मी कधी त्यांचा फोन बघितला नाही, घर बघितलं नाही. पण ते नीट सांगत गेले की मला इथं बसून दिसायला लागायचं." यजमान लवकर गेले. त्या नोकरीवर त्यांनी मुलीला, मेधाला, वाढवलं, शिकवलं. मेधा आता पुण्यात नोकरीला होती. आईनं तिकडे यावं म्हणून दर सुट्टीत भांडायची आणि दर वेळी हरून परत जायची.

आमच्या शनिवारच्या दुपारी अशाच सुरू झाल्या. आधी मीच काहीतरी मोडकं घेऊन खाली जायची. मग राजेश्वरी यायला लागली. ती समोरच्या दारात राहणारी, तेलुगू शाळेत शिकवून निवृत्त झालेली. मग अंबरपेठेहून मंगला रिक्षानं यायला लागली. ती माझी जुनी मैत्रीण, माहेर नांदेडकडचं, आवाज खणखणीत. कुणी फोन आणायचं, कुणी इस्त्री, कुणी नुसतीच शंका. चहा आणि उस्मानिया बिस्किटं मधे ठेवून आम्ही मराठी, तेलुगू आणि दखनीची खिचडी बोलत बसायचो.

राजेश्वरीला यंत्रांची भीती वाटायची. "मेरे कू देखतेच ये बंद हो जाता, पता नहीं कैकू," असं ती आपल्या टीव्हीबद्दल अगदी मनापासून सांगायची. मिस्त्रीबाई कधी तिला हसल्या नाहीत. एकदा तिचा रिमोट चालेना. सेल बदलून झाले होते, तरी ती म्हणत होती की टीव्हीच गेला. मिस्त्रीबाईंनी पडदे ओढायला लावले. मग राजेश्वरीच्याच फोनचा सेल्फीचा कॅमेरा उघडून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरलं आणि बटण दाबलं. फोनच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाशी एक जांभळट ठिपका लुकलुकला.

"आता डोळ्यांनी बघ," त्या म्हणाल्या. राजेश्वरीनं फोन बाजूला करून पाहिलं. काहीच नाही. पुन्हा फोनमधून पाहिलं, पुन्हा ठिपका.

"हा उजेड आहेच. आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. म्हणजे रिमोट चांगला आहे. आता टीव्हीकडे जाऊ." टीव्हीच्या ज्या काचेवर तो उजेड पडायला हवा, तिच्यासमोर राजेश्वरीनं तिरुपतीहून आणलेली बालाजीची तसबीर उभी केली होती. ती बाजूला सरकवल्यावर टीव्ही चालू झाला. राजेश्वरीनं आधी देवाची क्षमा मागितली, मग मिस्त्रीबाईंच्या पाया पडायला वाकली. त्या तिला दंडाला धरून उठवत म्हणाल्या, "चल वेडी. चहा ठेव."

त्यांच्याकडून आम्ही किती लहानसहान गोष्टी शिकलो. फोन चार्ज होईनासा झाला की आधी तो बंद करून चार्जिंगच्या भोकातला कापूस लाकडी काडीनं हलकेच काढायचा. वॉशिंग मशीन पाणी घेईनासं झालं की नळाच्या पाइपच्या तोंडाशी असलेली जाळी धुवायची, कारण आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार तिथंच बसतो. कुणी फोनवरून पिनकोड विचारला तर सांगायचा, ओटीपी विचारला तर फोन ठेवून द्यायचा. "आणि ठेवताना सॉरी म्हणायचं नाही," हे खास मंगलासाठी, कारण ती चोरालाही "माफ करा हां" म्हणून फोन ठेवायची. शिकवताना त्या कधी भरभर बोलल्या नाहीत. त्यांची बोटं मात्र भरभर चालायची. सुईत दोरा ओवावा तसा त्या बारीकसा स्क्रू एका दमात जागेवर बसवत, आणि आम्ही त्यांच्या बोटांकडे बघत चहा थंड करायचो.

मग एका शनिवारी काहीतरी बदललं. मंगलाच्या फोनमध्ये नवीन सिमकार्ड घालायचं होतं. तिनं नेहमीसारखा फोन त्यांच्यापुढे सरकवला. मिस्त्रीबाईंनी हात पाठीमागे बांधून घेतले.

"तूच घाल. मी सांगते."

"मला जमणार नाही हो. तुम्हीच घाला की."

"जमेल. पिन त्या भोकात दाब."

मंगलानं दाबली, नको तिथं दाबली, पुन्हा दाबली. सिमकार्ड खाली पडलं, सोफ्याखाली गेलं. ते शोधून, उलटसुलट करून बसवेपर्यंत मंगला घामाघूम झाली. पुढच्या शनिवारी राजेश्वरीच्या इस्त्रीची वायर. तीही तिलाच बदलायला लावली. माझ्या कूलरचा पंप मला उघडायला लावला. दर वेळी हात पाठीमागे आणि तोंडानं सूचना. जरा चुकलं की "थांब, पुन्हा बघ," आणि पहिल्यापासून.

मंगलाला ते लागलं. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला निघाले तेव्हा जिना उतरताना ती मला म्हणाली, "मिस्त्रीबाईला आपला कंटाळा यायलाय बघ. आपण रोज त्यांचं डोकं खायलो. सरळ सांगायचं की, येऊ नका म्हणून." मी तिला गप्प केलं, पण मनातून मलाही तसंच वाटत होतं. मग ती दोन-तीन शनिवार आलीच नाही. घरी पाहुणे आहेत, असं कळवत राहिली.

याच दिवसांत आमच्याकडे ऑक्सिजनचं मशीन आलं. यांच्या फुप्फुसांचं दुखणं जुनं होतं. त्या हिवाळ्यात इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की आता दिवसातला बराच वेळ घरी ऑक्सिजन लागेल. मशीन हवेतूनच ऑक्सिजन ओढून नळीनं नाकाशी पोचवणारं होतं. अडीअडचणीला म्हणून एक छोटा सिलिंडरही कोपऱ्यात उभा केला. माणूस येऊन सगळं दाखवून गेला, आणि तो गेल्याक्षणी मी सगळं विसरले.

मिस्त्रीबाई वर आल्या. हात पाठीमागेच. त्यांनी मला ते मशीन बंद करायला, सुरू करायला, पाण्याची बाटली काढून भरून पुन्हा लावायला, जाळी धुवायला, सिलिंडरची किल्ली फिरवायला लावली. झालं की पुन्हा. हे पलंगावरून म्हणाले, "अहो बाई, आता तिला सोडा."

"नाही भाऊ," त्या म्हणाल्या. "हिच्या हातांना पाठ झालं पाहिजे. डोकं घाबरतं. हात घाबरत नाहीत."

मी वैतागले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे डबा द्यायला गेले तेव्हा तो वैताग तोंडावर असावा. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले तर मिस्त्रीबाई जमिनीवर बसलेल्या. समोर त्यांचाच जुना टॉर्च सुटा केलेला, स्क्रू फरशीवर इकडेतिकडे पांगलेले. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि तो हात थरथरत होता. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट घट्ट धरलं होतं, तरी स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेवरून पुन्हा पुन्हा घसरत होतं.

मी दारातच उभी राहिले. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या.

मी डबा खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ बसले. मी विचारलं, "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. आधी चहाची बशी वाजायची. मला वाटलं, म्हातारपण. मग डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली आणि नाव सांगितलं. कंपवात." हे सगळं त्या तक्रार लिहून घेतल्यासारख्या शांतपणे सांगत होत्या. "कमी-जास्त होत राहणार. जाणार नाही."

"मेधाला माहीत आहे?"

"नाही. तिला सांगितलं की ती आजच्या आज गाडीत बसेल."

"आणि आम्हाला का नाही सांगितलंत? मंगला रुसून बसलीय. तिला वाटतंय, तुम्हाला आमचा कंटाळा आला."

त्या बराच वेळ स्क्रू गोळा करत राहिल्या. एक एक उचलून मुठीत घेत होत्या. "सांगितलं असतं तर तुम्ही मोडकं काही आणलंच नसतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल्या असतात, नको बाई त्यांना तकलीफ. मग शनिवारी माझ्याकडे यायला तुम्हाला काय काम राहिलं असतं?"

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, मग डब्याचं झाकण बोटानं ठोकून विचारलं, "काय आणलंयस?"

"वांग्याची भाजी आणि भाकरी."

"मग उघड. असलं झाकण हल्ली मला उघडत नाही."

मी कुणाला सांगणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. मेधाला त्या स्वतः सांगतील, आम्हा बाकीच्यांनाही स्वतःच सांगतील, थोडे दिवस द्यायचे. मी दिले. आता शनिवारी त्यांचे पाठीमागे बांधलेले हात दिसले की मी नजर दुसरीकडे न्यायची.

पुढच्या महिन्यात त्या पुण्याला मेधाकडे गेल्या. सांगितलं ते चार दिवस हवापालट म्हणून. त्या तिथं असतानाच एका दुपारी आमचं मशीन ओरडायला लागलं. मी स्वयंपाकघरात होते. तो कर्कश आवाज ऐकून धावत आले तर मशीनवर लाल दिवा, आणि हे उठून बसायचा प्रयत्न करतायत, ओठ सुकलेले, एक हात छातीवर. मशीनवाल्यांचा फोन नुसता वाजत राहिला. यादय्याला मी खालच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांकडे पिटाळलं आणि बोटांनी नकळतच मिस्त्रीबाईंचं नाव दाबलं.

"मिस्त्रीबाई, मशीन बिघडलं! यांना श्वास—"

"काय दिसतंय?" आवाज अगदी शांत होता.

"लाल दिवा. आणि ओरडतंय."

"ओरडू दे. आधी भाऊंना सिलिंडरवर घे. फोन स्पीकरवर टाक, पलंगावर ठेव, दोन्ही हात मोकळे कर. किल्ली डावीकडे फिरव. फिरली?"

"फिरली."

"आता सिलिंडरची नळी त्यांच्या नाकाशी लाव. भाऊ, मी प्रमिला बोलतेय. नाकानं श्वास घ्या, तोंडानं हळू सोडा. घाई नक्को." यांनी मान हलवली, जणू त्या समोरच उभ्या होत्या. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. "कसे आहेत आता?"

"बरे... बरे दिसतायत."

"छान. आता मशीनकडे ये. पाण्याच्या बाटलीत बुडबुडे दिसतात का?"

"नाही."

"बाटलीतून बाहेर पडणारी नळी काढ. आता?"

"तरी नाहीत."

"म्हणजे पुढची नळी चांगली आहे, घोटाळा बाटलीपाशी आहे. पाणी आज भरलंस?"

"आत्ताच, जेवणानंतर."

"झाकण काढून बघ. तिरकं बसलंय का?"

तिरकंच बसलं होतं. आटे चुकले होते, आणि पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच सगळी हवा फटीतून निसटत होती. मी झाकण काढलं, सरळ धरलं, फिरवलं. बाटलीत बुडबुडे उसळले. मशीन गप्प झालं आणि लाल दिव्याच्या जागी हिरवा आला. डॉक्टर धापा टाकत जिना चढून आले तेव्हा हे पाणी मागत होते. डॉक्टरांनी यांना तपासलं, मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कुणी केलं हे?" मी फोनकडे बोट दाखवलं. फोन तसाच पलंगावर होता. त्यातून मिस्त्रीबाई म्हणाल्या, "तिनंच केलं, डॉक्टर. मी इथं पुण्यात खुर्चीत बसलेय."

हे आजही आमच्यात आहेत. सकाळी पेपर वाचतात, माझ्या चहाला नावं ठेवतात. मी जेव्हा जेव्हा त्या दुपारचा विचार करते, तेव्हा मला मिस्त्रीबाईंनी वैताग येईपर्यंत फिरवायला लावलेली ती किल्ली आठवते.

पुण्याहून परत आल्या त्या शनिवारी त्यांनी मंगलाला स्वतः फोन करून बोलावून घेतलं. मेधाला सांगून झालं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनीही तेच नाव सांगितलं होतं. चहा आल्यावर त्यांनी दोन्ही हात पाठीमागून काढून सरळ समोर टीपॉयवर ठेवले. उजवा हात लाकडावर हलकेच वाजत राहिला.

"हे असं आहे," त्या म्हणाल्या. "आता बघून घ्या, म्हणजे पुन्हा चोरून बघायला नको."

राजेश्वरीनं तोंडाला पदर लावला. मंगला मात्र एकदम उसळली. "मग आधी नाही सांगायचं? मी इथं रुसून बसले, काय नाही नाही ते बोलले तुमच्याबद्दल! आम्ही काय परक्या हाओत का?" आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ती मोठ्यानं रडायला लागली. मिस्त्रीबाई तिला म्हणाल्या, "अगं, सिमकार्ड तू छान घातलंस त्या दिवशी. फक्त सोफ्याखाली नको होतं घालायला." रडतारडता मंगलाला हसू फुटलं.

त्यानंतरचं वर्ष मला आमच्या मैत्रीतलं सगळ्यात गोड वर्ष वाटतं. आम्ही तिघी त्यांचे हात झालो. मी अंबाडा घालून द्यायची, राजेश्वरी कपडे वाळत घालायची. मंगला तर अशी तयार झाली की गौलीगुड्याच्या दुकानात जाऊन कुकरच्या रबराची जाडी दुकानदाराला समजावून सांगायची, आणि त्यानं भलतंच रबर दिलं की परत जाऊन भांडायची. एक दिवस राजेश्वरीनं आपल्या भावाच्या घरचा बंद पडलेला टीव्ही फोनवरूनच चालू करून दिला. त्या आनंदात तिनं पायसम केलं, आणि मिस्त्रीबाईंना वाटीनं प्यायला जड जातं म्हणून मग उंच पेल्यात भरून आणलं.

मग आवाज उतरायला लागला. हे कुणी सांगितलं नव्हतं, की हा आजार गळ्यापर्यंतही येतो. सुरुवातीला आम्ही फोनवर म्हणायचो, "जरा मोठ्यानं बोला ना." त्या म्हणायच्या, "मोठ्यानंच बोलतेय." ज्या बाईचा आवाज सगळ्या नोकरीत खराब लाइनवरूनही लख्ख पोचला, तिला आता समोर बसलेल्या माणसाला दोनदा सांगावं लागायचं. फोनला बोलून काम सांगायची सोय त्यांनीच आम्हाला शिकवली होती. आता त्या बोलल्या की फोन "समजलं नाही, पुन्हा सांगा" म्हणायचा. पहिल्यांदा त्या हसल्या. "एक्स्चेंजात असं पुटपुटले असते तर मेमो मिळाला असता मला." नंतर एके दिवशी फोन पुन्हा "समजलं नाही" म्हणाला तेव्हा त्यांनी तो उपडा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. 

न्हाणीघरात त्या पडल्या तेव्हा मेधानं या वेळी भांडण केलं नाही. नुसती येऊन उभी राहिली, आणि मिस्त्रीबाईंनी पुण्याला जायला होकाराची मान हलवली. आम्ही घर आवरलं. पकड, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर मंगलाला दिले. राजेश्वरीनं काही मागितलं नाही, तेव्हा मिस्त्रीबाईंनी तिला आपली चहाची किटली घ्यायला लावली. निघताना त्या गाडीत बसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी खिडकीतून आत वाकले.

"फोन करत जा," त्या म्हणाल्या. "मी बोलेन, न बोलेन. तुम्ही करत जा."

दर शनिवारी आम्ही करायचो. त्यांचं घर भाड्यानं गेलं होतं, म्हणून आता माझ्याकडे जमायचो. पहिले काही शनिवार फार अवघड गेले. आम्ही ओरडून ओरडून "कशा आहात? जेवलात का?" विचारायचो, पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा, आणि आम्ही घाबरून आणखी मोठ्यानं ओरडायचो. शेवटी मेधाच एकदा म्हणाली, "मावशी, तिला प्रश्न विचारू नका. उत्तर द्यायला जमत नाही म्हणून ती कष्टी होते. तुम्ही आपापसात बोला, रोजच्यासारखं. फोन नुसता चालू ठेवा. तिला ते आवडतं."

तेव्हापासून आम्ही फोन स्पीकरवर टाकून साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचो आणि आमचं चालू द्यायचो. मंगला सुनेची गाऱ्हाणी सांगायची. राजेश्वरी भाजीवाल्याशी खिडकीतून तेलुगूत भांडायची. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, हे आतून खोकायचे, रस्त्यावरून जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ओरडत जायची. मेधा सांगायची, या वेळात आई दोन घास जास्त खाते. कधीकधी, आमच्या गप्पांच्या मधेच, पलीकडून एक बारीक हसू यायचं. मग आम्ही तिघी एकमेकींकडे बघायचो आणि तोच विषय आणखी लांबवायचो.

यंदा श्रावण संपता संपता मिस्त्रीबाई गेल्या. झोपेतच गेल्या, मेधानं सकाळी कळवलं. यांना प्रवास झेपण्यासारखा नव्हता म्हणून मला जाता आलं नाही. मंगला आणि राजेश्वरी जाऊन आल्या.  तेरावा झाला. त्यानंतरच्या शनिवारी जमावं की जमू नये, हे कुणीच कुणाला विचारलं नाही. दुपारी दोघी आपोआप आल्या आणि आम्ही टेबलाभोवती बसून राहिलो. चहा करायचंही कुणाच्या मनात येईना.

नेहमीच्या वेळेला माझा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, मिस्त्रीबाई. हात लावायचा धीर होईना. शेवटी राजेश्वरीनंच तो उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"मावशी, मी मेधा," पलीकडून आवाज आला. "काही काम नव्हतं. शनिवार आहे ना, म्हणून." तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "घर फार शांत झालंय हो. तुम्ही तुमचं चालू द्या. मी नुसती ऐकते."

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.  मग मंगलानं डोळे पुसले, घसा साफ केला आणि येताना रिक्षावाल्यानं कसा नको तिथून वळसा घातला, ते अगदी अंबरपेठेपासून सांगायला सुरुवात केली. आतून हे विचारत आले, चहा झाला का. आणि राजेश्वरी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि भांडी नेहमीपेक्षा जरा जोरातच आपटत तिनं आधण ठेवलं.